उत्तर: शनिवारी बार्नस्टॉर्मर्सच्या मॅचला कोण कोण?

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,
शनिवारी डी मॉइन डाउनटाउनला आपल्या आयोवाच्या बार्नस्टॉर्मर्सची इनडोअर (अमेरिकन) फुटबॉलची मॅच आहे. पंधरा जण जमले तर तिकीट स्वस्तात पडेल. गुरुवारपर्यंत नावं कळवा. "पैसे नंतर देतो" म्हणणाऱ्यांची दिवाळीची वर्गणी अजून यायची आहे, तेव्हा या वेळी आधी पैसे.

प्रेषक: नवीन सभासद, अँकेनी

काका, कर्ट वॉर्नर खेळायचा ती हीच टीम का? हाय-व्ही किराणा दुकानात सामान लावता लावता सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या फायनलला पोचला तो? ऑफिसात एक जण म्हणाला, ही टीम 2015ची आहे.

प्रेषक: वेस्ट डी मॉइनचे काका

तुझं आणि ऑफिसातल्याचं, दोघांचंही अर्धंच बरोबर आहे.

हाय-व्हीची गोष्ट इथे शेंबडं पोरही सांगतं. 1994ला ग्रीन बे पॅकर्स या बड्या टीमने वॉर्नरला घरी पाठवलं, सीडर फॉल्सच्या दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर रात्रपाळी, आणि पुढच्याच वाक्यात सुपर बोल! अरे, मधली 1995 ते 97 ही तीन वर्षं कुठे गेली? ती इथल्या व्हेट्स ऑडिटोरियममध्ये, बार्नस्टॉर्मर्सच्या जुन्या हॉलमध्ये गेली.

हा खेळच, म्हणजे अरीना फुटबॉल, जिम फॉस्टरच्या डोक्यातून निघाला. 1981ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघताना त्याने एका पाकिटावर आराखडा काढला. मैदान 50 यार्डांचं, कडेला सीमारेषेऐवजी गादी लावलेली भिंत, एका बाजूला आठच खेळाडू. गोलपोस्टच्या दोन्ही अंगांना जाळ्या. किक त्यावर आपटून परत आली की खेळ चालूच. त्याच फॉस्टरने 1995ला इथे बार्नस्टॉर्मर्स आणली. हेल्मेटवर जुन्या वैमानिकांचे गॉगल रंगवलेले असत, कारण बार्नस्टॉर्मर म्हणजे शेताशेतांवर विमानाच्या कसरती करत फिरणारे.

इतक्या चिंचोळ्या जागेत क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, विचार करायला वेळच नसतो. चेंडू हातात आला की सोडायचा. वॉर्नरचा हात तिथे तयार झाला. 1997च्या हंगामात त्याचे 79 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी होत्या! मग सेंट लुइसच्या रॅम्स या बड्या लीगमधल्या टीमने नेला, आणि जानेवारी 2000च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

आपण मात्र दोनदा फायनल हरलो. 1996ला टँपा बेकडून 42-38, तेही घरच्या मैदानावर. पुढच्या वर्षी ॲरिझोनाने 55-33 असं धुतलं. तेव्हा चेंडू प्रेक्षकांत गेला की ज्याच्या हाती लागेल त्याचा. एकदा तो माझ्या बोटांना लागून शेजारच्याच्या मांडीवर पडला. मुलगा अजून टोमणे मारतो.

प्रेषक: एमसच्या काकू

भावजी, चेंडूची गोष्ट दर गणपतीत ऐकतो आम्ही. 2015चं सांगा ना तिला.

प्रेषक: वेस्ट डी मॉइनचे काका

सांगतो. 2000च्या हंगामानंतर टीम विकली गेली आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला ड्रॅगन्स झाली. खेळाडू, हक्क सगळं तिकडे. नाव तेवढं इथे उरलं. त्या नावाने धाकट्या लीगमध्ये एक हंगाम झाला आणि दुकान बंद. 2008ला पुन्हा धाकट्या लीगमध्ये सुरू, 2010ला मोठ्या अरीना लीगमध्ये, आणि 2015पासून इंडोअर फुटबॉल लीगमध्ये. तुझा ऑफिसवाला ते 2015 धरून बसलाय. शनिवारी तुला जाळ्या दिसणार नाहीत. त्यांचं पेटंट होतं, त्यामुळे इतर लीगना त्या लावता येत नसत. 2007ला मुदत संपली, पण तोवर बाकीच्यांना जाळीशिवाय खेळायची सवय झाली होती.

आणि ज्या किताबासाठी वॉर्नरच्या काळात जीव टाकला, तो 2018ला मिळाला. फायनलला समोर सू फॉल्स स्टॉर्म, पूर्वी ओळीने सहा वेळा जिंकलेली टीम. स्कोअर 69-68. एका गुणाने!

प्रेषक: नवीन सभासद, अँकेनी

पण काका, मालक वेगळा, लीग वेगळी, हॉलही वेगळा. मग टीम तीच कशी?

प्रेषक: एमसच्या काकू

आपल्या मंडळाचे तरी कमिटी, हॉल, घटना, काय राहिलंय मूळचं? तरी रौप्यमहोत्सव केलाच ना.

प्रेषक: खजिनदार

काकू, घटनेचा विषय इथे नको, प्लीज. काका, तुमची तिकिटं किती?

प्रेषक: वेस्ट डी मॉइनचे काका

तीन. पुढची रांग असेल तरच.