मदत हवी आहे: सेकंडहँड गाडीच्या लेदर सीटला भेगा, दुरुस्त करू की सगळं बदलू? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी,

डिसेंबरात एक सेडान घेतली, सात वर्षं जुनी. वरचं व्हेरिएंट असल्यामुळे बेज रंगाच्या लेदर सीट कंपनीकडूनच आलेल्या आहेत. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा 'ही गाडी घ्यायलाच नको होती' इकडे वळतो आणि सीट राहतात बाजूला.

दुखणं असं. ड्रायव्हर सीटच्या बैठकीचा दाराकडचा फुगवटा, जिथून आपण घासत उतरतो, तिथे भेगा पडल्यात आणि एक जागा बोटाच्या पेराएवढी उघडी झालीय. हेडरेस्टवर काळपट डाग आहे, हात लावला की चिकट लागतं. मधल्या बैठकीला सुरकुत्या आहेत, पण फाटलेलं काही नाही. मागची सीट जवळजवळ नव्यासारखी.

गाडी दिवसभर चिंचोळी एमआयडीसीत उघड्यावर उभी असते. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते इथल्यांना सांगायला नको.

दोन कुशनवाल्यांना दाखवली. एक म्हणाला, "लेदर संपलं साहेब, पूर्ण सेट काढून नवीन नॅपा टाकू" (नॅपा म्हणजे मऊ, भारीतलं लेदर), आणि आकडा असा सांगितला की मी चहा अर्धा ठेवून उठलो. दुसरा म्हणाला, वरून लेदरेटचं, म्हणजे नकली लेदरचं, कव्हर चढवा, विषय संपला. तिसरे सल्लागार घरातच आहेत. आप्पा म्हणतात, चपलेला लावतो तसं खोबरेल तेल चोळ, चामडं आहे, पिऊन घेईल.

कोणाचं ऐकू? आणि मुळात लेदर सात वर्षांत असं तडकतं का? मी तर ऐकून होतो की चांगलं लेदर गाडीपेक्षा जास्त टिकतं.

कडकभाकरी:
कव्हर टाका की ओ. आठ-दहा हजारात काम होतंय. माझ्या गाडीला पाच वर्षं झाली, काय बी झालं नाही.

टाकाउसवा:
कव्हरवर नंतर येतो. आधी एक काम करा. मोबाइलचा टॉर्च लावून त्या उघड्या भेगेत बघा आणि आत काय दिसतंय ते इथे लिहा. विणलेलं कापड, जाळीसारखं अस्तर दिसलं तर ते रेक्झिन आहे, विकताना त्याला काहीही म्हटलेलं असो. मऊ, लवदार, तंतू सुटल्यासारखं दिसलं तर चामडं. वास घेणे, पाण्याचा थेंब टाकणे, काडी लावून बघणे हे प्रकार सोडून द्या. चामड्याचा वास बाटलीतही मिळतो, रंगाचा थर दिलेल्या चामड्यावर थेंब रेक्झिनसारखाच उभा राहतो आणि काडीने सीटला भोक पडतं.

(मी बरीच वर्षं पुण्याकडे सीट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होतो, म्हणून हा आगाऊपणा.)

हे आधी विचारतोय कारण 'लेदर सीट' म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत अख्खी सीट चामड्याची नसते. अंग टेकतं तेवढा भाग चामड्याचा, बाहेरच्या बाजू आणि पाठीमागचा भाग रेक्झिनचा. रंग आणि दाणा इतका जुळवतात की शोरूममध्ये उभं राहून कळत नाही. काही वर्षांनी कळतं, कारण दोन्हींचं म्हातारपण वेगळं असतं.

पीव्हीसी रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. गाडी उन्हात तापली की तो हळूहळू उडत राहतो. पुढच्या काचेला आतून जो तेलकट धुरकटपणा येतो, त्यात त्याचाही वाटा असतो. तो गेला की रेक्झिन कडक होतं आणि रोज जिथे दुमडतं तिथे तडकतं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) रेक्झिन असेल तर तडकण्यापेक्षा पापुद्रे निघतात, त्याला उष्णतेबरोबर दमटपणाही बाधतो.

चामड्याचं गणित निराळं. गाडीतलं चामडं साधारण एक ते दीड मिलिमीटर जाड असतं. त्यावर रंगाचे थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा संरक्षक थर. युरोपात ज्याला नुसतं 'लेदर' म्हणून विकायचं त्यावरचा हा सगळा लेप ०.१५ मिमीपेक्षा जाड चालत नाही. आपण बसतो, घासतो, घाम पुसतो ते या लेपावर. म्हणून कारखान्यात चाचण्या घेतानाही चामडं किती ओढल्यावर फाटतं एवढ्यावर भागत नाही. लेप घासून बघतात, हजारो वेळा दुमडून बघतात, उन्हासारख्या प्रखर झेनॉन दिव्याखाली भाजून बघतात. खालचं चामडं शाबूत आणि वरचा लेप गेलेला, असंच बहुतेक वेळा दिसतं. 'लेदर गाडीपेक्षा जास्त टिकतं' हे त्या अर्थाने खोटं नाही.

तुमच्या सुरकुत्यांची काळजी करू नका, त्या येणारच.

आप्पांसाठी: चपलेबाबत ते शंभर टक्के बरोबर आहेत. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर लेप नसतो, त्यामुळे तेल आत मुरतं. (कोल्हापुरी चपलेच्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीत आपला सोलापूर जिल्हाही आहे, तेव्हा आप्पांचं ज्ञान घरचंच म्हणायचं.) गाडीचं चामडं बहुतेक क्रोमवर (क्रोमियमच्या क्षारांवर) कमावलेलं, नाहीतर क्रोम टाळून दुसऱ्या रसायनांवर, आणि वरून लेप. त्याला खोबरेल म्हणजे ऑइलपेंट दिलेल्या दाराला तेल चोळण्यासारखं आहे. आत काही जाणार नाही, वर धूळ तेवढी धरेल. ते हेडरेस्ट चिकट झालंय ते कशाने असं वाटतं? आधीच्या मालकाच्या डोक्याच्या तेलाने आणि घामाने. लेप मऊ पडलाय.

जुळेसोलापूरकर:
टॉर्च लावून बघितलं. जाळीच! पांढरं विणलेलं कापड स्पष्ट दिसतंय. मग सीट मागे सरकवून खाली हात घातला, मधल्या बैठकीची कड जिथे आत ओढून अडकवलीय तिथे. ती खालून लवदार आहे, सुएडच्या बुटासारखी लागते. म्हणजे तडकलेलं ते रेक्झिन आणि जे धड आहे ते चामडं?

मग तो 'लेदर संपलं' म्हणणारा मला कशाचे पैसे सांगत होता?

टाकाउसवा:
धड असलेलं चामडं काढून दुसरं चामडं बसवण्याचे. :)

तुमचं काम लहान आहे. सीटचं आवरण तुकडे जोडून शिवलेलं असतं. बाजूचा एक तुकडा उसवायचा, तोच साचा धरून नवीन कापायचा, शिवून परत चढवायचा. सुईधाग्याची नीट जाण असलेला कुठलाही कुशनवाला हे करतो. फक्त त्याला ते करायची इच्छा हवी, कारण पूर्ण सेटमध्ये सुटतात तेवढे पैसे यात सुटत नाहीत.

त्याच्यासमोर उभे राहून करून घ्या. पहिलं म्हणजे फोम दाबून बघा. फुगवट्याचा फोम चेपलेला असेल तर वरचं नवीन रेक्झिनही सुरकुतून त्याच जागी तडकेल, आधी फोमचा तुकडा चिकटवून आकार भरायला लावा. दुसरं, रेक्झिन गाडीचंच मागा. सोफ्याचं स्वस्त पडतं, पण सोफा मे महिन्यात काचबंद होऊन उन्हात उभा राहत नाही. गाडी राहते, आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज वीस अंशांनी वर जातं. बाहेर ४२ असताना आत काय होत असेल ते तुम्हीच बघा. तिसरं, दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जाड बाँडेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) घ्यायला सांगा, सुती नको.

विनावात:
हेडरेस्टचं कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, यजमानांना रोज तेल लागतं. कोमट पाण्यात सौम्य साबण (आम्ही लहान मुलांचा शाम्पू वापरला), त्याचा फेस करायचा आणि नुसता फेस मऊ ब्रशने फिरवायचा, पाणी नाही. मग पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचं. छिद्रांची सीट असेल तर फेससुद्धा जपून, छिद्रांत मळ बसला की निघत नाही. वाटीभर पाण्यात होतं काम. सोलापुरात नळ रोज येत नाही, गाडी धुवायला पाईप सोडणारे बघितले की माझा जीव वरखाली होतो.

सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर काही लावू नका. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिशही नको, सीट निसरडी होते आणि धूळ धरते.

दोन-तीनदा करूनही चिकटपणा राहिला तर लेप गेला असं समजा, मग तेवढं हेडरेस्ट रंगवून घ्यावं लागतं.

टाकाउसवा:
अगदी बरोबर. रंगवणाऱ्याने आधी तेल पूर्ण काढलंय ना ते बघा, तेलावर नवा रंग धरत नाही, सोलून येतो. कंडिशनरच्या बाटल्यांवर पैसे घालवण्याआधी ही फेसाची सफाई दोन महिन्यांतून एकदा करा. आपल्याकडच्या धुळीत सीट मळाने मरतात, कोरड्या पडून कमी.

कडकभाकरी:
एवढं उसवाउसवी करण्यापेक्षा कव्हर का नको ते कोणी सांगेल का? वर कव्हर, खाली भेगा, कोणाला दिसतंय?

टाकाउसवा:
सांगतो. यांच्या गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती पाठीच्या टेकणीच्या दाराकडच्या कडेतून, शिवण फाडून बाहेर येते. तिथली शिवण मुद्दाम तशी ठरवून घातलेली असते. वरून घट्ट कव्हर चढवलं की तिचा रस्ता अडतो किंवा ती वेड्यावाकड्या दिशेने फुगते. एअरबॅगसाठी बाजू मोकळी ठेवलेली किंवा फाटेल अशी शिवण घातलेली कव्हर मिळतात, पण आठ-दहा हजारांच्या सेटमध्ये कुशनवाला ते बघतो का, तुम्हीच विचारा त्याला. तुमच्या कव्हरला पाच वर्षं काही झालं नाही, कारण पाच वर्षांत एअरबॅग उघडायची वेळ आली नाही. ती येऊ नये हीच इच्छा.

जुळेसोलापूरकर, टेकणीच्या दाराकडच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी चिठ्ठी किंवा बिल्ला आहे का बघा. असेल तर टेकणीची शिवण कुशनवाल्याला उसवू देऊ नका. तुमची भेग बैठकीला आहे, म्हणजे टेकणीला हात लावायची गरजच नाही. सीट बाहेर काढावी लागली तर आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, काही मिनिटं थांबायचं आणि मगच सीटखालची एअरबॅगच्या तारेची पिवळी पिन काढायची. पिन काढलेली असताना कोणी चावी फिरवली की मीटरवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो, आणि तो घालवायला पुन्हा सर्व्हिस सेंटर.

कडकभाकरी:
बरं. हे माहीत नव्हतं. माझं कव्हर बघतो उद्या.

मागवाला:
कव्हर नको असेल तर पाठीमागे पांढरा टेरी टॉवेल टाका, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. बैठकीवर आणि हेडरेस्टवर टाकायचा, टेकणीची दाराकडची कड मोकळी ठेवायची. घाम तो पितो, आठवड्याला धुता येतो.

पण घरातली लाल-निळी चादर बेज सीटवर अंथरू नका. माझा धंदा मागाचाच आहे, तरी सांगतो. नव्या गडद चादरीचा रंग घामाने ओला झाला की सीटवर उतरतो. नव्या जीन्सचा निळाही तसाच उतरतो, बेज सीट असलेल्या सगळ्यांचं रडगाणं असतं ते. पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासून बघा, रंग आला तर सीटपासून लांब ठेवा.

आणि उन्हासाठी पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा. जमेल तिथे गाडी अशी लावा की ड्रायव्हरच्या बाजूला दुपारचं ऊन येणार नाही. पुढची काच दोन थरांची असते, अतिनील किरण बरेच अडवते. बाजूच्या साध्या काचा तेवढं अडवत नाहीत. पण तेवढ्यासाठी काळी फिल्म मारायला जाऊ नका. बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्यांतून ७० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, नाहीतर वाहतूक पोलीस आहेतच.

जुळेसोलापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. टेकणीला बिल्ला आहे, उजव्या बाजूलाच. त्यामुळे कव्हर रद्द. फेसाने हेडरेस्ट साफ केलं, फडकं चहासारखं झालं, चिकटपणा बराच गेलाय. आप्पांना कोल्हापुरीचं वाचून दाखवलं, ते खूश आहेत आणि तेलाची बाटली परत कपाटात गेली.

अशोक चौकाकडे एक कुशनवाला मिळाला, तो एक तुकडा शिवून द्यायला तयार आहे. फक्त त्याच्याकडचा बेज माझ्या बेजशी जुळत नाही. पुस्तकातले सगळे नमुने एकतर पिवळे नाहीतर करडे.

टाकाउसवा:
वरच्या भागाशी जुळवत बसू नका, तो सात वर्षं ऊन खाऊन उतरलाय. तडकलेला तुकडा उसवल्यावर त्याची शिवणीत दुमडलेली कड उलगडा, तिथे मूळ रंग सापडेल. उतरलेला आणि मूळ, दोन्ही तुकडे घेऊन दिवसाउजेडी दुकानाबाहेर उभे राहा आणि दोघांच्या मधला शेड निवडा. ट्यूबलाइटखाली निवडलेला बेज उन्हात भलताच दिसतो. नाहीच मिळाला तर दोन्ही सीटच्या बाहेरच्या बाजू एकाच गडद तपकिरी रंगात करून घ्या. मुद्दाम केल्यासारखं दिसेल आणि उतरताना घासल्याचे डागही लपतील.