मदत हवी आहे: टँकरचं पाणी विहिरीत न ओतता थेट टाक्यांतून कसं वाटावं?

मराठवाड्यातलं गाव, लोकसंख्या 1,800, कुटुंबं 360. माणशी 20 लिटरप्रमाणे रोज 36,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. सध्या पाणी विहिरीत ओततात. मुरमातून काही झिरपून जातं, उरलेलं गढूळ होतं, आणि शेंदताना बायका-पोरं कठड्यावरून वाकतात. ते सगळ्यात भयंकर.

बेत असा: 10,000 लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या, तळाशी 3 इंची पाइपाने जोडलेल्या, पुढे अर्ध्या इंचाचे 10 नळ. एका खेपेवर 120 कुटुंबं, प्रत्येकी 100 लिटर. नळाला मिनिटाला 10 लिटर धार मिळाली तर दोन तासांत वाटप उरकतं. पण पातळी उतरली की धार बारीक होते आणि शेवटच्यांचा खोळंबा होतो. ओटा किती उंच घ्यावा? टाकीखाली एक मीटर पुरेल का? भरलेली एक टाकी दहा टनांची, त्यामुळे उंच ओट्याचा खर्चही झेपायला हवा. वेळेऐवजी मापाच्या पिंपाने वाटलं तर भांडणं कमी होतात का?

दुसरी अडचण क्लोरीनची. खेपेला 60 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरची निवळी टाकीत घालतो. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी) पिवळा रंग येतो, दुपारी उन्हात तापलेल्या टाकीत मात्र येत नाही. पावडर वाढवावी, की टाकीवर गोणपाटाची सावली करून दुपारी पुन्हा थोडा डोस द्यावा?

ज्यांनी हे चालवलंय त्यांनी मापांसकट सांगा. पुढच्या आठवड्यात ओट्याचं काम सुरू करायचंय.