मदत हवी आहे: टाटा मेमोरियलला (परळ) पहिल्यांदा नाव कसं नोंदवायचं?

नमस्कार मंडळी. माझी आत्या परभणीची, वय ६१. स्तनात गाठ होती, बायोप्सीत कर्करोग निघाला. इथले सर्जन म्हणाले, पुढचं टाटालाच करा. आत्याला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही, सोबत मी आणि तिचा मुलगा असू.

ऑनलाइन नोंदणी करून गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर बघतात, की आधी फक्त फाईल निघते आणि ओपीडीची तारीख नंतरची मिळते? परभणीहून देवगिरीने दादरला उतरायचं, त्यामुळे हे आधी कळलं तर बरं. एका माहितीतल्यांनी एजंट 'लवकर नंबर लावून देतो' म्हणाल्याचं सांगितलं. त्या वाटेला आम्ही जाणार नाही, तो सल्ला कृपया नको.

मुख्य अडचण जनरल की प्रायव्हेट ही. खर्चात फरक आहे हे माहीत आहे, पण एकदा जनरलमध्ये फाईल काढली की नंतर बदलता येते का? आणि महात्मा फुले योजनेतून करायचं तर रेशनकार्ड पहिल्याच दिवशी दाखवावं लागतं का?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आहे. तिथे स्लाइड पुन्हा तपासतात, म्हणून लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घेतोय. ईआर, पीआर, हर-टू तपासणी (कोणती औषधं लागू पडतील हे ठरवायला गाठीच्या तुकड्यावर करतात ती) अजून झालेली नाही. ती इथेच करावी की तिथे?

राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव ऐकलंय. तिथे हॉस्पिटलची चिठ्ठी लागते का? अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगावं, नियम बदलत असतात.