पु-अर चहाची चकती: मासळीसारखा वास, वर तवंग, आणि पुढं उन्हाळा. काय करावं?

मांजराकाठ (लातूर):
चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या पु-अर चहाची ३५७ ग्रॅमची दाबलेली चकती आहे. वेष्टनावर ७५७२ आकडा आणि ‘शौ’ असं लिहिलंय. विकणाऱ्याच्या मते माल १९७५ चा. ५ ग्रॅम चहा बोअरच्या अर्धा लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळला. रंग काळाकुट्ट, वास सुक्या मासळीचा, वर चकचकीत तवंग आणि चव सपक. चहा खराब झालाय का? उकळायचाच नसतो का? आणि वैशाखात घरात ४२ अंश असताना चकती ठेवायची कुठं?

गोदाकाठ:
आधी आकड्याचं. ७५ म्हणजे हे मिश्रण ठरलं ते साल, पुढचा ७ म्हणजे पानाची प्रत, शेवटचा २ म्हणजे मेंगहाई कारखाना (१ कुनमिंग, ३ शियागुआन). चकती दाबली कधी, हे त्यात कुठंच नाही. ती तारीख वेष्टनाच्या मागच्या बाजूला शिक्क्यात शोधा. १९७५ चा माल म्हणून जादा पैसे मागत असेल तर देऊ नका.

वासाचं कारण शौच्या घडणीत आहे. शंग म्हणजे कच्चा पु-अर. तो कढईत परतून, उन्हात वाळवून, वाफेवर दाबतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू मुरू देतात. शौ पिकवलेला असतो. पानांचा ढीग घालून, पाणी मारून, वर झाकून दीड-दोन महिने आंबवतात, मधूनमधून उलथतात. ही ‘वो दुई’ पद्धत कुनमिंगला १९७३ च्या सुमारास बसवली. त्या ढिगाचा वास नव्या चकतीत राहतो, म्हणजे तो खराबीचा नव्हे. ५० ग्रॅम फोडून, सुती कापड बांधलेल्या वाडग्यात दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. वास पुष्कळ उतरतो. मात्र कुबट, जुन्या गोणपाटासारखा वास येऊन घशात खवखवलं तर तो चहा पिऊ नका.

फोडताना सुरी वरून खुपसायची नाही, चुरा होतो. चकतीच्या कडेनं बोथट सळई आडवी सरकवा, थोडी हलवा, थर आपोआप सुटतो. दुसरा हात सळईच्या वाटेत नको.

बालाघाटी:
उकळणं हा दोष नाही, शौ उकळीला टिकतो. तुमचा दोष पाण्यात आहे. बोअरच्या जड पाण्यातला क्षार चहाशी मिळून तो तवंग धरतो, रंग काळा करतो, चव मारतो. नुसतं आरओचं पाणीही बरं नाही, चहा पोकळ लागतो. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १००० आणि आरओचा ४० असेल तर एक भाग बोअर, नऊ भाग आरओ घ्या, १३६ च्या आसपास येतो. आरओ नसेल तर पाणी पाच मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा थर न हलवता वरचं ओतून घ्या. बराच क्षार खाली बसतो.

आता कृती. झाकणाची वाटी (गाइवान) १०० मिलीची, चहा ६-७ ग्रॅम. लातुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उकळी फुटल्या फुटल्या ओता, थांबू नका. पहिलं पाणी ५ सेकंदांत फेकायचं, तसंच दुसरंही. मग झाकण ठेवून एक मिनिट पानं फुगू द्या. त्यानंतर १० सेकंदांची चार-पाच पाणी, पुढं दर वेळी ५-१० सेकंद वाढवत दहा-बारा पाणी निघतं. चुरा जास्त असला तर ५ सेकंदच. शेवटी तीच पानं ३०० मिली पाण्यात उकळा, हा उकळा गोडसर लागतो. गाइवान नाही? दोन स्टीलचे पेले आणि बारीक गाळणी, झालं काम.

शंग घेतलात तर कोवळा शंग कडू असतो, पण आवळा खाऊन पाणी प्यावं तसा नंतर घसा गोड होतो. ती गोडी ओळखायला लागलात की चहा कळायला लागला.

गोदाकाठ:
साठवण. आर्द्रता ६०-६५ टक्के हवी, ७० च्या वर नको. आपल्याकडं उन्हाळ्यात ती पार खाली येते. चहा नासत नाही, पण मुरणं थांबतं आणि सुगंध उडतो. चिनी मातीची कोरी बरणी घ्या, लोणच्याची जुनी नको. कागदी वेष्टनासकट चकती, सोबत ६५ टक्के आर्द्रता धरणारी पुडी (चकतीला न टेकवता) आणि छोटा आर्द्रतामापक. बरणी माळवदाच्या घरात खालच्या देवळीत, नाहीतर उत्तरेच्या खोलीत ठेवा.

बालाघाटी:
मातीचा माठ चालेल असं सांगतात, मला पटत नाही. कोऱ्या माठाचा वास चहा ओढतो, पावसाळ्यात भिंतीही ओल धरतात. कूलरच्या वाऱ्यात, मसाल्याच्या डब्याशेजारी, उदबत्तीच्या कोनाड्यात ठेवू नका. ज्वारीच्या कणगीत तर मुळीच नाही, धान्यात घातलेल्या गोळ्या विषारी असतात.

मांजराकाठ:
कडेला पिवळे बारीक ठिपके दिसले तर?

गोदाकाठ:
चीनच्याच हुनान प्रांतात फू नावाचा विटेसारखा दाबलेला चहा असतो, त्यात सोनेरी ठिपके मुद्दाम वाढवतात, त्यांना ‘सोनफुलं’ म्हणतात. तुमची पु-अरची चकती आहे, तिथं ती गृहीत धरू नका. केसाळ, हिरवट किंवा काळी बुरशी दिसली तर तेवढाच भाग खरवडून वाचवू नका, सगळी चकती टाका. नुसतं पिवळसर देठ असेल तर ते पान आहे, पाण्यात उलगडतं.