मदत हवी आहे: वणव्याच्या पट्ट्यातलं लाकडी घर, मोसमाला आठ आठवडे. आधी काय करावं?

उतारावरचं_घर

घराची माहिती आधी देतो, म्हणजे उत्तरं नेमकी येतील.

एकमजली घर, लाकडी सांगाडा, बाहेरून लाकडी फळ्या. छप्पर डांबरी शिंगल्सचं (डांबर चढवलेले चपटे तुकडे), चांगल्या अवस्थेत. पोटमाळ्याचे झरोके वळचणीखाली आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, जाळीची भोकं साधारण ६ मिमी. मागे लाकडी डेक (घराला जोडलेला फळ्यांचा उघडा ओटा), त्याखाली सरपण आणि जुनं सामान. लाकडी कुंपण थेट घराच्या कोपऱ्याला टेकलेलं. भिंतीलगत झुडपं, त्यांच्या बुंध्याशी सालीच्या ढलप्यांचं आच्छादन. घर उताराच्या माथ्यावर, खाली वाळलेलं गवत आणि विरळ झाडं. शेजारचं घर ८ मीटरवर. बाहेर पडायला रस्ता एकच. घरात दोन वृद्ध, दोन मुलं आणि एक कुत्रा.

प्रश्न:
१. सगळं एकदम परवडणार नाही. कामांचा क्रम काय लावू?
२. छपरावर पाण्याचे फवारे बसवावेत का? ५००० लिटरची टाकी आहे.
३. थांबून घर वाचवायचा प्रयत्न करावा की निघावं? निघायचं तर कधी?
४. घर गेलंच, तर विम्यासाठी आजच काय करून ठेवावं?

वळचण

मोठा खर्च शेवटी, झाडू आधी. घरं कशी पेटतात ते पाहिलं की हा क्रम पटतो. ज्वाळांची भिंत येऊन घर गिळते असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक घरं वाऱ्याने आणलेल्या ठिणग्यांनी किंवा भिंतीलगतच्या किरकोळ आगीने पेटतात. ठिणग्या किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे पडतात, त्यामुळे आग नजरेत येण्याआधीच त्या पन्हळीत पोचलेल्या असतात. मुख्य लाट निघून गेल्यावर कित्येक तासांनी घर पेटतं तेही याच कारणाने: कुठेतरी निखारा धुमसत राहिलेला असतो.

अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून प्रयोग केले. शेंड्याशेंड्यांतून धावणारी आग होती, तरी १० मीटरवरच्याच काही भिंती पेटल्या, २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. त्यामुळे तुमचा पैसा आणि घाम ३० मीटरच्या आत खर्च करा, आणि त्यातही आतून बाहेर या.

पहिला पट्टा भिंतीपासून १.५ मीटरचा. तिथे जळेल असं काहीही नको: झुडपं काढा, सालीचं आच्छादन उचला, खडी किंवा फरशी घाला. पायपुसणी, प्लास्टिकच्या कुंड्या, केरसुण्या, सगळं या पट्ट्यातून हलवा. भिंतीच्या फळ्यांचा सगळ्यात खालचा भाग आणि जमीन यांत निदान १५ सेंमी न जळणारी पट्टी उघडी दिसली पाहिजे. माती चढून फळ्यांना टेकली असेल तर खणून काढा. डेकखालचं सरपण आज संध्याकाळीच ९ मीटर लांब न्या. या कामाला पैसे लागत नाहीत, आणि तुमच्या वर्णनातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे.

मग छप्पर. डांबरी शिंगल्स सहसा आगीच्या सर्वोच्च श्रेणीत बसतात, तेव्हा छप्पर बदलायची गरज दिसत नाही. मात्र पन्हळीत आणि जिथे छप्पर उभ्या भिंतीला मिळतं त्या खोबणीत पालापाचोळा साचतो. मोसमात दर आठवड्याला तो काढावा लागतो. पन्हळ प्लास्टिकची असेल तर आतला पाला पेटल्यावर ती वितळून खाली पडते, आणि मग भिंतीच्या पायथ्याशी आग लागते. छपराची कड मात्र धातूची पट्टी लावून झाका, कारण पन्हळ धातूची असली तरी आतल्या पाल्याच्या ज्वाळा कडेच्या लाकडाला भिडतात.

कुंपण म्हणजे घराला लावलेली वात. घराजवळचा शेवटचा १.५ मीटरचा तुकडा कापून तिथे लोखंडी फाटक बसवा.

त्यानंतर ९ मीटरपर्यंत: गवत १० सेंमीपेक्षा उंच नको, झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून २ मीटरपर्यंत छाटलेल्या, झुडूप झाडाच्या थेट खाली नको (आग शिडीसारखी वर चढते). तुम्ही उताराच्या माथ्यावर आहात, त्यामुळे खालच्या अंगाचं गवत जास्त लांबपर्यंत कापा. ऑस्ट्रेलियातला जुना ठोकताळा असा की चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. कापणी सकाळी लवकर, गवतात ओल असताना करा. गवत कापायच्या यंत्राचं पातं दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीनेही वणवे लागलेले आहेत.

उतारावरचं_घर

खूप धन्यवाद. जाळीबद्दल सांगाल का? ३ मिमी लावू की १.५? दुकानात फायबरचीही मिळते.

वळचण

फायबरची किंवा प्लास्टिकची अजिबात नको, वितळते. न गंजणारी धातूची घ्या. ६ मिमीच्या भोकांतून निखारे सरळ आत जातात. ३ मिमी ही किमान गोष्ट, १.५ मिमी अधिक चांगली. एक गोष्ट लक्षात घ्या: जाळी निखारा विझवत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या प्रयोगांत दिसलं की निखारा जाळीवर अडकतो, तिथेच जळत जळत लहान होतो आणि मग भोकातून आत शिरतो. बारीक जाळीतून आत जाणारा कण इतका लहान असतो की त्याने काही पेटण्याची शक्यता कमी होते, एवढाच फायदा. म्हणून झरोक्यांच्या मागे पोटमाळ्यात पुठ्ठ्याची खोकी, जुने कपडे ठेवू नका.

१.५ मिमीची अडचण अशी की ती धुळीने आणि रंगाने बुजते. रंगारी घर रंगवताना जाळीवरूनही ब्रश फिरवतो आणि पोटमाळ्याची हवा बंद होते, मग ओल धरून लाकूड कुजतं. वर्षातून दोनदा घासावी लागेल. बारीक जाळीने हवेची वाटही कमी होते, तेव्हा झरोक्यांचं एकूण क्षेत्र पुरेसं उरतंय ना ते बघा. त्रिकोणी भिंतीतले झरोके वाऱ्याच्या तोंडावर असतात, सुरुवात तिथून करा.

गॅरेज असेल तर दाराच्या तळाची रबरी पट्टीही तपासा. प्रकाशाची रेघ दिसत असेल तर तिथून ठिणगीही येते.

खडी_टाका

वरचं सगळं मान्य, पण ८ मीटरवरच्या शेजारघराकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. गवताची आग एका जागी मिनिटभर टिकते. पेटलेलं घर तासभर आणि त्याहून जास्त वेळ धगधगतं. घरं जवळजवळ असली की जंगल हे निमित्त उरतं आणि पुढे घरच घराला पेटवतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ३० डिसेंबर २०२१ रोजी मार्शल वणव्यात हेच झालं: वाळकं गवत, ताशी १६० किमीच्या झोतांचा वारा, गवतातून कुंपणं, कुंपणांतून घरं, आणि हजाराहून अधिक घरं गेली. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात २०१८ च्या कॅम्प वणव्यानंतरच्या पाहणीतही, घर वाचलं की नाही हे ठरवणाऱ्या प्रमुख बाबींत जवळचं जळालेलं घर किती अंतरावर होतं ही एक बाब निघाली. त्याच गावाच्या छायाचित्रांत राख झालेल्या घरांमध्ये हिरवी झाडं उभी दिसतात. म्हणून सरसकट झाडं तोडा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तुमच्यासाठी याचा अर्थ: शेजाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या आधी बदला. एकेरी साधी काच धगीने तडकते, खळकन पडते आणि घर आतून पेटतं. दुहेरी काच घ्या, त्यातली निदान बाहेरची टेम्पर्ड (तापवून कडक केलेली). ती साध्या काचेच्या साधारण चौपट मजबूत असते. सगळ्या खिडक्या परवडत नसतील तर त्या बाजूला धातूची बारीक जाळी बाहेरून लावा. ती धगही थोडी अडवते आणि काच पडली तरी ठिणग्या थोपवते.

आणि शेजाऱ्याशी बोला. त्यांचं सरपण तुमच्या भिंतीपासून किती लांब आहे हा तुमचाही प्रश्न आहे.

फवाऱ्यांबद्दल: हिशेब करा. एक फवारा मिनिटाला १५ लिटर धरला तर चार फवारे ६० लिटर घेतात, तुमची ५००० लिटरची टाकी ८३ मिनिटांत संपते. निखारे त्याहून कितीतरी जास्त वेळ पडत राहतात. जोराच्या वाऱ्यात पाणी छपरावर पडतच नाही. वीज बंद केली जाते किंवा जाते, की पंप बंद. उघड्यावरचे पीव्हीसी पाइप वितळतात. सार्वजनिक नळाच्या भरवशावर तर राहूच नका: जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यात दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या आणि वरच्या भागातल्या अग्निशमन नळांना पाणी उरलं नाही. तोच पैसा जाळी आणि काचेत घाला. टाकी भरून ठेवा, तिच्याजवळ फलक लावा आणि बंबाची नळी जोडता येईल अशी तोटी बसवून घ्या.

मागच्या_दाराने

प्रश्न ३. दोन वृद्ध, दोन मुलं, एकच रस्ता. थांबायचा विचार सोडा.

ऑस्ट्रेलियात पूर्वी सल्ला असा होता की तयारी असेल तर थांबून घर राखा, नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ला वणव्यांत १७३ माणसं गेली, त्यातली बरीचशी घरातच किंवा घराच्या आसपास. त्यानंतर धोक्याची सर्वात वरची पायरी जाहीर झाली की सल्ला एकच: आधीच बाहेर पडा.

आदेशाची वाट पाहू नका. हवाईतल्या लाहायनात ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात भोंगे वाजलेच नाहीत. २०२५ च्या ईटन वणव्यात लॉस एंजेलिसजवळच्या अल्ताडेनाच्या पश्चिम भागाला घरं सोडायचा आदेश कित्येक तास उशिरा मिळाला. तुमचा इशारा तुम्हीच ठरवा: जोराचा कोरडा वारा आणि आगीच्या धोक्याची सूचना असेल त्या दिवशी वृद्ध आणि मुलं सकाळीच नातेवाइकांकडे. बाकीचे धुराचा पहिला वास किंवा पहिली सूचना येताच. रात्री फोन मूक करून झोपू नका.

गाडी त्या दिवसांत किमान अर्धी टाकी भरलेली, तोंड रस्त्याकडे. गॅरेजचं दार विजेवर चालत असेल तर हाताने उघडायची लाल दोरी घरातल्या प्रत्येकाला ओढता आली पाहिजे. वृद्ध माणसाला ते दार उचलेलच असं नाही, म्हणून गाडी बाहेरच ठेवा. रस्ता एकच आहे तर पायी गाठता येईल अशी उघडी जागा हेरून ठेवा: फरसबंद वाहनतळ, खेळाचं मैदान. टॉवर जळले की फोनवरचा नकाशा उघडत नाही, कागदी नकाशा गाडीत असू द्या.

पिशवीत: सात दिवसांची औषधं आणि चिठ्ठ्या, चश्मा, ओळखपत्रं, विम्याचा कागद, चार्जर, एन९५ मास्क, कुत्र्याचा पट्टा आणि लसीची नोंद. अंगावर सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्या, बंद बूट. सिंथेटिक कापड अंगावर वितळतं.

वेळ असेल तरच: खिडक्या-दारं बंद करा पण कुलूप लावू नका, पडदे काढा, सोफा खिडकीपासून खोलीच्या मध्ये ओढा, दिवे लावून ठेवा (धुरात बंबवाल्यांना घर दिसतं), शिडी भिंतीला टेकवा. नळ सोडून जाऊ नका, सगळ्यांनी तसं केलं की दाब पडतो.

गाडीत अडकलात तर झाडाझुडपांपासून लांब थांबा, काचा आणि हवेच्या झडपा बंद करा, गाडीतच खिडकीच्या खाली तळाशी झोपा, वर लोकरी घोंगडी घ्या आणि मदतीच्या क्रमांकावर ठिकाण कळवा.

दाव्याचा_कागद

प्रश्न ४. आजच फोन घेऊन घरभर व्हिडिओ काढा. प्रत्येक कपाट, खण उघडा, किमती वस्तूंचे क्रमांक दाखवा, तोंडाने वस्तू आणि खरेदीचं वर्ष बोला. पोटमाळा आणि हत्यारांची पेटी लोक विसरतात, आणि तिथेच बरीच रक्कम जाते. व्हिडिओ घराबाहेर साठवा, क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे.

पॉलिसीत चार गोष्टी शोधा. विम्याची रक्कम पुन्हा बांधायच्या खर्चाइतकी आहे का? बाजारभावात जमिनीची किंमत असते, तो आकडा इथे कामाचा नाही. मोठ्या वणव्यानंतर हजारो घरं एकदम बांधायला निघतात, मजुरी आणि साहित्य महागतं, म्हणून वाढीव टक्क्यांची तरतूद घ्या. नवे बांधकाम नियम लागू झाल्याचा जादा खर्च मिळतो का? घसारा वजा करून पैसे देतात की नव्या वस्तूची किंमत? तात्पुरत्या भाड्याच्या घराचा खर्च किती महिने? पुन्हा उभं राहायला दोन वर्षं सहज लागतात.

घर गेल्यावर पहिल्याच दिवशी दावा नोंदवा, भाडं आणि कपड्यांसाठी आगाऊ रक्कम मागा, प्रत्येक फोनची तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पाहणी करणाऱ्याने दिलेला पहिला आकडा अंतिम नसतो. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर घाईत सही नको. कर्ज असेल तर चेकवर बँकेचंही नाव येतं, तिथे वेळ जातो, बँकेला लवकर गाठा.

राखेत मौल्यवान काही शोधायला मुलांना नेऊ नका. जुन्या घरांच्या राखेत शिसं, आर्सेनिक, ॲस्बेस्टॉस असतं. आधी फोटो, मग घातक वस्तू काढणारं पथक, मग मलबा. उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या पायावर नवं घर चढवण्याआधी अभियंत्याकडून तपासून घ्या, उष्णतेने काँक्रीटची ताकद जाते. घर वाचलं तरी नळाचं पाणी चाचणीशिवाय पिऊ नका. सांता रोझा आणि पॅराडाइजमध्ये वणव्यानंतर नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं होतं. उकळून ते पाणी सुरक्षित होत नाही, उलट वाफेतून घरात पसरतं.

उतारावरचं_घर

सगळ्यांचे आभार. सरपण हलवलं, कुंपण उद्या कापतो. शेवटचं: डेक पूर्ण तोडावा का?

वळचण

गरज नाही. फळ्यांच्या फटींतला कचरा पटाशीने खरवडा, खालची जमीन उघडी करून खडी टाका आणि कडेने ३ मिमीची धातूची जाळी लावा, म्हणजे खाली पुन्हा पाला जमणार नाही. डेक जिथे भिंतीला मिळतो तिथे १५ सेंमी उंच धातूची पट्टी भिंतीच्या फळ्यांच्या मागे सरकवून बसवा. डेकच्या भिंतीलगतच्या पहिल्या एक-दोन फळ्या धातूच्या करता आल्या तर उत्तमच. धोक्याच्या दिवशी खुर्च्यांच्या गाद्या आणि छत्री आत घ्या. डेक उताराकडे झुकलेला असेल तर त्याच्या खालच्या अंगाचं गवत सगळ्यात आधी कापा, आठ आठवडे थांबू नका.