लोकसंख्येचं 'भाकीत', 'प्रक्षेपण' की 'अंदाज'?

प्रश्न
नगररचनेच्या एका अहवालाचं मराठी करतेय, लातूरहून. शहराची पुढच्या वीस वर्षांतली लोकसंख्या काढण्याचं प्रकरण आहे. कोशात 'प्रोजेक्शन'ला 'प्रक्षेपण' मिळालं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे टीव्हीवर आहे का?" 'भाकीत' चालेल?

प्रतिसाद
ताई, 'भाकीत' नको. भाकीत करणारा 'असं होणार' म्हणतो. लोकसंख्या काढणारा म्हणतो, 'वाढ अशी राहिली तर एवढी होईल.' त्यातला 'तर' गळाला की ज्योतिष उरतं.

औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं बघा. जनगणनेत शहर १९९१ ला ५.७३ लाख, २००१ ला ८.७३ लाख. दशकाला तीन लाखांचीच भर धरली, म्हणजे अंकगणिती वाढ, तर २०११ ला ११.७३ लाख येतात. भर न धरता वाढीचा टक्का तोच धरला, म्हणजे भूमितीय वाढ, तर १३.३ लाख. प्रत्यक्षात निघाले ११.७५ लाख. आकडेमोड दोन्हीकडे बिनचूक, फक्त धरून चाललेली गोष्ट वेगळी. फरक दीड लाख माणसांचा. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर दिवसाला दोन कोटी लिटर पाणी. २०१६ ला मिरजेहून तुमच्याकडे पन्नास वाघिणींची पाण्याची रेल्वेगाडी यायची, तिच्यात २५ लाख लिटर मावायचं. म्हणजे तशा आठ गाड्या, रोज! म्हणून शब्द कुठलाही घ्या, पण 'तर' झाकणारा घेऊ नका.

प्रतिसाद
मग साधा 'अंदाज' का नको? आमचे वडील तलाठी होते. हिंदीत 'नजरअंदाज' म्हणजे दुर्लक्ष, पण आपल्याकडे पिकाची 'नजर अंदाज पैसेवारी' असते. पैसेवारी म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं, त्याचा हिशोब. आधी नजरेनं काढलेली, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींची वाट बघायचं. तेव्हा अंदाज म्हणजे हवेतली गोष्ट, असं मराठवाड्यात तरी कुणी म्हणणार नाही. तो पुढे सुधारायचा असतो, हेही त्या शब्दात आलंच.

शिवाय तीरंदाज, गोलंदाज यांतला 'अंदाज' फारसी, फेकणारा या अर्थाचा. 'प्रक्षेपण' म्हणजेही पुढे फेकणं. दोन्ही शब्दांच्या पोटात एकच क्रिया आहे, हे मला फार आवडतं.

प्रतिसाद
पटलं, पण तक्त्याच्या मथळ्यात 'प्रक्षेपित लोकसंख्या' राहू द्या. 'अंदाजित' म्हटलं तर चालू वर्षाची, जनगणनेविना काढलेली संख्याही त्यात येते. 'प्रक्षेपित' म्हणजे पुढच्याच वर्षांची.

प्रश्नकर्ती
मग असं लिहिते : 'गेल्या दोन दशकांत पडली तेवढीच भर यापुढेही पडेल हे गृहितक धरून लोकसंख्येचा अंदाज काढला आहे. नवी जनगणना झाल्यावर तो सुधारावा.' तक्त्यात 'प्रक्षेपित'. आईलाही कळलं.

प्रतिसाद
छान. फक्त 'गृहीतक', ही दीर्घ.