सोलापुरातून हवामान आणि स्वच्छ विजेच्या कायद्यासाठी दबाव आणायचा तर सुरुवात कुठून करायची?

पूर्वभागकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतले काहीजण मिळून सह्या गोळा करायला लागलोय, त्यात कॉलेजची पोरं आहेत, एक रिटायर्ड सर आहेत, बाकी यंत्रमागावरचे कामगार आणि विडी वळणाऱ्या बायका. मागणी एवढीच की हवामान बदल आणि स्वच्छ वीज यावर सरकारने पक्का कायदा करावा, दर दोन वर्षाला नवीन नावाची योजना नको.

कारण सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरणातलं वापरायचं पाणी संपून साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की माढा मोहोळकडची गावं पाण्यात गेली. ऊन ४३-४४ ला पोचतं तेव्हा पत्र्याखाली विडी वळायला बसवत नाही, भिजवलेलं पान हातात वाळतं, आणि मजुरी तर हजार विड्यांवर मिळते, म्हणजे ऊन वाढलं की कमाई कमी. माझी आईच हे काम करते म्हणून माहितीय.

तर प्रश्न असा की सह्या द्यायच्या कुणाला? नगरसेवक, आमदार, खासदार की कलेक्टर? एका कार्यकर्त्याने तोंडावर सांगितलं की कायदे दिल्लीत होतात, तुम्ही आपलं गटार आणि पाणी मागा. ते पण मागतोच आहोत, पण म्हणून हे मागायचं नाही का? आणि नेमकं मागायचं काय, कारण "हवामान कायदा करा" एवढंच लिहिलं तर कुणी वाचणार पण नाही असं आमच्या सरांचं म्हणणं आहे. माहितगारांनी जरा सांगा.

कोर्टातली_अक्का:
सर बरोबर बोलतायत. आधी कायदा काय म्हणतो ते सांगते मग कुणाकडे जायचं ते.

आपल्या देशात हवामान बदलावर एकच असा मुख्य कायदा नाही. तुकडे आहेत. २००३ चा वीज कायदा आहे, २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे आणि त्यात २०२२ ला दुरुस्ती होऊन मोठ्या वीज वापरणाऱ्यांना ठरावीक हिस्सा कोळसा-तेल सोडून दुसऱ्या स्रोतांतून घ्यायला लावायची तरतूद आली. घटनेत ४८अ आणि ५१अ मध्ये पर्यावरणाचं आहे. पण तुझ्या आईला ४४ डिग्रीत काम थांबवावं लागलं तर तिचा नेमका हक्क काय आणि जबाबदार कोण, हे सांगणारं कलम कुठे नाही.

आता आपल्यासाठी महत्त्वाचं. २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क आहे. आणि ती केस कशावरून उभी राहिली तर माळढोकावरून! राजस्थान गुजरातेत सोलरच्या उंच तारांवर आपटून माळढोक मरतात, तारा जमिनीखाली घाला असं आधी कोर्टाने सांगितलं होतं, त्यावर हे प्रकरण होतं. आपलं नान्नजचं अभयारण्य त्याच पक्ष्यासाठी केलेलं. त्याच निकालात कोर्टाने हेही नोंदवलं की असा एकत्रित कायदा देशात नाही. तर अर्जात हा निकाल पहिल्या परिच्छेदात घाला, म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही, कोर्टाने मानलेल्या हक्काला कायद्याचं अंग मागताय हे दिसेल.

"कायदे दिल्लीत होतात" हे अर्धं खरं. वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विधानसभाही त्यावर कायदा करू शकते, केंद्राच्या कायद्याला छेद जाऊ नये एवढं बघावं लागतं. म्हणून आधी आमदार. त्यांच्या हातात तारांकित प्रश्न आहे (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी आहे, अशासकीय म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं खासगी विधेयक आहे. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती पण आहे, तिथे आमदारामार्फत लोकांचा अर्ज जातो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. खासदारांना पण द्याच, पण संसदेत खासगी विधेयकं आजवर फक्त १४ पास झालीत आणि शेवटचं १९७० ला, त्यामुळे त्यांच्याकडून विधेयक मागण्यापेक्षा प्रश्न विचारायला लावणं जास्त उपयोगाचं. आमदारांकडे अधिवेशनाच्या आधी जा, मधे गेलात तर ते मुंबईत किंवा नागपुरात असतात.

मागवाला_अण्णा:
अक्का लै भारी सांगितलात. पण मी एक कारखानदार म्हणून बोलतो, छोटा हाय, २७ एचपीच्या आतला. आमच्याकडं कोण हवामान म्हणून आलं तर लोक चहा पाजून पाठवतील, आणि वीजबिल म्हणून आलं तर रात्री अकरापर्यंत बसतील. टॉवेल आणि चादरीच्या धंद्यात सूत वाढलं, मजुरी वाढली, वर बिल वाढलं, आणि सवलत सरकारच्या मनावर, आज हाय उद्या नाय. त्यामुळं सह्या घ्यायच्या तर बिल हातात घेऊन जावा बे पोरांनो, ते दाखवून बोला.

सोलर आम्हाला नको हाय असं नाय. घरावरच्या सोलरला सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारापर्यंत सबसिडी मिळते हे सगळ्यांना माहित हाय. पण पूर्व भागात किती लोकांना स्वतःचं छत हाय? एका वाड्यात पाच भाडेकरू, वर पत्रा, पत्र्याखाली माग. त्याच्यावर पॅनल बसवणार कुठं आणि मीटर कुणाच्या नावावर? शेड पण जुने, वजन पेलतंय का नाय ते कोण बघणार. म्हणून मी म्हणतो सामायिक सोलर मागा, एका मोकळ्या जागेवर प्लांट आणि त्याचे युनिट पाच-पन्नास जणांच्या बिलात वाटून. दिल्लीत २०१९ लाच असले नियम केलेत. इथं कायद्यात लिहून द्या की भाडेकरूला आणि छोट्या मागवाल्याला पण हिस्सा घेता येईल, पहिली सही माझी.

अजून एक, वीज दर ठरायच्या आधी वीज कंपनीला पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाकडं कुणीपण हरकत नोंदवू शकतो, वकील लागत नाय. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दर प्रस्तावावर रुफटॉपवाल्यांनी हरकती घेतल्या त्या अशाच. कायदा व्हायला वर्षं लागतील, हे काम तर पुढच्या नोटिशीलाच करता येतंय. सही करणाऱ्या पोरांना ते पण शिकवा.

दक्षिणचा_गडी:
मी वेगळं बोलणार आहे राग मानू नका. माझा भाऊ फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या कोळशाच्या वीज प्लांटवर ठेकेदाराकडे आहे. १३२० मेगावॅटचा प्लांट आहे, आमच्या भागातली कितीतरी घरं त्याच्यावर चालतात, कोण गेटच्या आत, कोण चहाच्या गाड्यावर, कोण डंपरवर. तुम्ही स्वच्छ वीज म्हणता तेव्हा आमच्याकडे ऐकू येतं की कोळसा बंद. आम्हाला पण राख नको आहे, उजनीचं पाणी पण हवं आहे, पण भावाच्या पगाराचं काय हे कोणी सांगत नाही. परमनंटवाल्यांची बदली होईल, ठेकेदारीवरच्याचं नाव तर कुठल्या यादीतच नसतं. तुमच्या अर्जात त्याच्यासाठी एक ओळ आहे का? नसेल तर आमच्या गावातून सही मिळणार नाही आणि ते बरोबरच आहे.

कोर्टातली_अक्का:
दक्षिणचा_गडी, राग कसला, ही ओळ पाहिजेच. आणि ती आत्ताच लिहून घ्यायची वेळ आहे कारण तिथली दोन्ही युनिटं नवीन आहेत, २०१७ आणि २०१९ ची, उद्या काही ती बंद होत नाहीत. म्हणजे तयारीला वेळ हातात आहे, आणि बंद व्हायची वेळ आली की मग मागून काही मिळत नाही, गिरणी कामगारांचं काय झालं ते सोलापूरला माहिती आहे. जर्मनीने २०२० ला कोळसा सोडायचा कायदा केला तेव्हा सोबत कोळशाच्या भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद दुसऱ्या कायद्याने बांधली. आपल्याला एवढा पैसा कुठून म्हणाल, पण तत्त्व घेता येतं, तारीख ठरवायची तर कामगाराची तरतूद त्याच कायद्यात आणि ठेकेदारीवरच्यांची नावासकट नोंद आधी.

रोहयोवाले_काका:
वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

योजना आणि कायदा यात फरक काय हे महाराष्ट्राला कुणी दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. ७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली माणसं खडी फोडायला आणि तलावाच्या मातीकामाला गेली होती, तेव्हा काम मिळणं हे अधिकाऱ्यावर आणि पुढाऱ्यावर होतं, वरून मंजुरी आली तर मस्टर उघडायचं नाहीतर परत जा. मग १९७७ ला विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. वि. स. पागे यांनी ती कल्पना कितीतरी वर्षं लावून धरली होती. कायद्याने फरक असा झाला की काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं नाहीतर बेकार भत्ता. आणि पैसा कुठून, तर शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून, म्हणजे उत्पन्नाचं साधन पण बांधून दिलं. त्यावरच पुढे २००५ ला देशाचा कायदा उभा राहिला. भत्ता सगळ्यांना मिळाला असं मी म्हणणार नाही, मोर्चे काढावे लागले, पण मोर्चा काढणाऱ्या बाईच्या हातात कलम होतं, ती साहेबाला विचारू शकत होती की का नाही दिलंस.

तुमच्या हवामान कायद्यात हेच पाहिजे. उद्दिष्ट किती आणि सन किती याला माझ्या लेखी दुसरा नंबर आहे. पहिलं हे लिहा की सरकारने केलं नाही तर नागरिक कुणाकडे जाणार आणि किती दिवसांत उत्तर मिळणार. उष्म्याच्या इशाऱ्याच्या दिवशी हजारी मजुरीवरच्या बाईला काम बंद ठेवल्याची भरपाई, तिचा निधी कुठल्या करातून, ते त्यातच. आणि दरवर्षी सरकारने विधिमंडळात अहवाल ठेवायचा, काय ठरवलं होतं आणि काय झालं. ब्रिटनच्या २००८ च्या कायद्यात पाच-पाच वर्षांचं कार्बन बजेट, म्हणजे हवेत किती कार्बन सोडायचा त्याची मर्यादा, आहे आणि स्वतंत्र समिती संसदेला अहवाल देते, तो कायदासुद्धा लोकांनी आपापल्या खासदारांना हजारोंनी पत्रं लिहून मागितला होता म्हणून झाला. त्यामुळे सह्यांनी काय होतं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

सह्यांपेक्षा एक गोष्ट जास्त चालते, ती म्हणजे हाताने लिहिलेलं पत्र. शंभर बायकांनी आपापल्या शब्दांत लिहिलं, कुणाचं पान वाळलं, कुणाचं पोर तापाने पडलं, तर आमदाराच्या माणसाला ते गठ्ठ्यात बांधून ठेवता येत नाही.

पूर्वभागकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सरांसोबत बसून हे सगळं वाचलं. अर्ज असा करतोय: सुरुवातीला सुप्रीम कोर्टाचा निकाल, मग मागणी की राज्याने कायदा करावा ज्यात उष्म्याच्या दिवसांची भरपाई हक्काने मिळेल, भाडेकरू आणि छोट्या मागवाल्यांना सामायिक सोलरचा हिस्सा असेल, कोळशावरच्या कामगारांची, ठेकेदारीवरच्यांसकट, नोंद आणि तरतूद तारखेच्या आधी होईल, आणि दरवर्षी विधिमंडळात हिशोब. दक्षिणचा_गडी दादा, ती ओळ तुम्हीच लिहून द्या, तुमच्या शब्दांत. अण्णा, तुमच्या कारखान्यात एक बैठक घेऊ का, सुट्टीच्या दिवशी?

एक अडचण, इकडच्या बऱ्याच बायका तेलुगू बोलतात, मराठी लिहिता येत नाही. पत्र तेलुगूत चालेल का?

कोर्टातली_अक्का:
चालेल, का नाही. मूळ तेलुगू पत्र, खाली मराठी अनुवाद, आणि लिहिणारीचा अंगठा किंवा सही दोन्हीवर. लिहायला कॉलेजच्या पोरी बसवा पण बाई बोलेल तसंच उतरवा, सुधारू नका. आणि आमदारांच्या ऑफिसात दिलं की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तीच प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टपालात पण द्या. पोच असली की पुढच्या अधिवेशनानंतर माहिती अधिकारात विचारता येतं की आमच्या अर्जाचं काय केलंत. मसुदा झाला की इथेच टाका, मी बघून देते.

मागवाला_अण्णा:
बैठक घ्या की, माग बंद ठेवतो त्या दिवशी. येताना सगळ्यांनी तीन महिन्यांची बिलं आणा म्हणावं.